व्हीलचेअरची तपासणी आणि ‘पिप’चा अर्ज : इंग्लंडमध्ये प्रथमच ही वाट धरणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबात कोणाचे चालणे अवघड होऊ लागले की दोन प्रश्न बहुधा एकदमच पुढे येतात : चाकांची खुर्ची कुठून मिळेल, आणि अपंगत्वाचा भत्ता कसा मिळेल. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळतात असा अनेकांचा समज असतो, आणि एकदा खुर्ची मिळाली की भत्ता आपोआप सुरू होतो असाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. खुर्ची देते ती एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, व्हीलचेअर सेवा. भत्ता, म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट किंवा सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘पिप’, देते ते डीडब्ल्यूपी हे सरकारी खाते. एकाकडची नोंद दुसऱ्याकडे आपोआप पोहोचेल असे धरून चालू नये. ती आपणच न्यावी लागते. माझ्या पतींना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाल्यावर आम्ही या दोन्ही कामांतून गेलो, पहिल्या वेळी चुकलो, आणि नंतर ओळखीच्या काही कुटुंबांना त्यांचे फॉर्म भरताना मदत केली. त्यातून जे नीट कळले ते येथे क्रमाने मांडत आहे.

हा लेख १६ वर्षे पूर्ण झालेल्या आणि सरकारी निवृत्तिवेतनाचे वय न गाठलेल्या व्यक्तींसाठी आहे. त्याहून लहान मुलांसाठी डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स असतो. निवृत्तिवेतनाचे वय झाल्यावर प्रथमच अर्ज करणाऱ्यांसाठी अटेंडन्स अलाउन्स असतो, मात्र त्यात चालण्याफिरण्याचा भाग नाही. स्कॉटलंडमध्ये पिपच्या जागी ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे आणि तिथली पद्धत वेगळी आहे.

सर्वांत आधी व्हिसाची अट पाहा

हे पाऊल कोणीही वगळू नये. पिपची गणना ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे सरकारी मदतीत, होते. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे अशी मदत घेता येणार नाही, अशी अट असेल, आणि नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बहुतेकांच्या व्हिसावर ती असते, तर पिपसाठी अर्ज करणे हा व्हिसाच्या अटीचा भंग ठरू शकतो आणि पुढे कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना तो आड येऊ शकतो. शंका असेल तर अर्ज करण्याआधी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. ‘अर्ज करून तर पाहू, फार तर नाही म्हणतील’ हा विचार इथे धोक्याचा आहे. व्हिसाची अडचण नसली तरी साधारणपणे गेल्या ३ वर्षांपैकी किमान २ वर्षे ब्रिटनमध्ये वास्तव्य झालेले असावे लागते. निर्वासितांना यातून सूट आहे. शिवाय त्रास किमान ३ महिन्यांपासून असावा आणि पुढे किमान ९ महिने राहील अशी अपेक्षा असावी, अशीही अट आहे.

एनएचएसची सेवा मात्र पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसासोबतचे आरोग्य शुल्क, भरून आलेल्या व्यक्तीला पिप मिळू शकत नसले तरी व्हीलचेअर सेवेकडे जाता येते. म्हणून व्हिसामुळे आज पिप शक्य नसेल तरी तपासणी पुढे ढकलू नका. गरज आजची असते, आणि आज झालेली नोंद काही वर्षांनी अर्ज करताना कामी येते.

गुण कशाला मिळतात

पिपचे दोन भाग आहेत : रोजच्या जगण्याचा आणि चालण्याफिरण्याचा. प्रत्येक भागात ८ गुण झाले की साधारण दर आणि १२ गुण झाले की वाढीव दर मिळतो. २०२५–२६ या वर्षी चालण्याफिरण्याच्या भागाचा साधारण दर आठवड्याला २९.२० पौंड आणि वाढीव दर ७७.०५ पौंड होता. वाढीव दर मिळाला आणि त्याची मुदत पुरेशी शिल्लक असली तर ती रक्कम मोटॅबिलिटी योजनेत वळती करून गाडी, स्कूटर किंवा विजेवर चालणारी खुर्ची घेता येते.

चालण्याचा प्रश्न विचारतो तो हा : तुम्ही उभे राहून किती मीटर पुढे जाऊ शकता? २०० मीटरपेक्षा जास्त जाता येत असेल तर शून्य गुण. ५० मीटरच्या पुढे पण २०० मीटरपर्यंत असेल तर ४. २० मीटरच्या पुढे ५० मीटरपर्यंत कशाच्याही आधाराविना जाता येत असेल तर ८, आणि तेवढेच अंतर काठी किंवा कुबड्या वापरूनच जमत असेल तर १०. आधार घेऊन किंवा न घेता १ मीटरच्या पुढे पण २० मीटरपेक्षा जास्त जाता येत नसेल तर १२. अजिबात उभे राहता येत नसेल किंवा १ मीटरपलीकडे जाता येत नसेल तरी १२ गुणच मिळतात. ‘उभे राहणे’ याचीही नियमांत व्याख्या आहे : किमान एक स्वतःचे, म्हणजे कृत्रिम नसलेले, पाऊल जमिनीवर टेकवून सरळ उभे राहणे.

यातून निघणारी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खुर्चीत बसून कापलेले अंतर या प्रश्नात धरलेच जात नाही. जो माणूस स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलत एक किलोमीटर जातो पण उभा राहू शकत नाही, त्याला १२ गुण मिळतात. आणि जो बाहेर नेहमी खुर्ची वापरतो पण सहज आणि वारंवार ६० मीटर चालू शकतो, त्याला ४ गुण मिळतात. खुर्ची असणे हा एकटा पुरावा होत नाही. पुरावा होतो तो खुर्ची का लागली, ती लागण्याआधी चालताना काय होत होते आणि अजूनही उभे राहिल्यावर काय होते, याच्या जाणकाराने लिहिलेल्या नोंदीचा.

त्या नोंदीत ‘किती’ याच्या बरोबरीने ‘कसे’ यायला हवे. कायदा सांगतो की एखादी कृती जमते असे तेव्हाच म्हणायचे जेव्हा ती सुरक्षितपणे, समाधानकारक रीतीने, गरज पडेल तितक्या वेळा आणि योग्य वेळात करता येते. योग्य वेळ म्हणजे तो त्रास नसलेल्या माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीपेक्षा अधिक नाही. ३० मीटर चालता येते, पण त्यानंतर दोन तास पडून राहावे लागते, तर ते ‘वारंवार’ जमत नाही. २५ मीटर जाता येते, पण आठवड्यातून दोनदा तोल जाऊन पडणे होते, तर ते सुरक्षित नाही. जे वर्णन तुम्हाला लागू पडते ते निम्म्याहून अधिक दिवस खरे असावे लागते.

आधी फोन, मग जीपी

व्हीलचेअर सेवेच्या तारखेची वाट पाहत पिपचा अर्ज थांबवू नका. अर्जाची सुरुवात सामान्यतः ०८०० ९१७ २२२२ या डीडब्ल्यूपीच्या क्रमांकावर फोन करून होते, आणि भत्ता मंजूर झाल्यास बहुधा त्या दिवसापासूनचा हिशेब धरला जातो. त्यानंतर येणारा मोठा फॉर्म परत पाठवायला एक महिना असतो. तेवढ्यात जमणार नसेल तर मुदत संपण्याआधी फोन करून वाढवून मागावी. तपासणीचा अहवाल उशिरा आला तर निर्णय होईपर्यंत तो मागाहून पाठवता येतो.

त्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, जाऊन व्हीलचेअर सेवेकडे रेफरल, म्हणजे तिकडे पाठवण्याची शिफारस, मागा. आधीच ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) किंवा फिजिओ तुम्हाला पाहत असतील तर त्यांच्याकडूनही रेफरल होते, आणि ते बहुधा अधिक तपशिलाचे असते. जीपीची भेट दहा मिनिटांची असते, म्हणून तिथे सगळी कहाणी सांगत बसू नका. निदान काय, घरात आणि बाहेर किती अंतरावर थांबावे लागते, गेल्या ३ महिन्यांत किती वेळा पडलात, खुर्ची किती काळ लागेल असे वाटते, आणि दुभाषी हवा आहे का, एवढे एका कागदावर लिहून तो कागदच त्यांच्या हाती द्या. एनएचएसच्या भेटीसाठी मराठी दुभाष्याची सोय विनामूल्य होते, मात्र ती आगाऊ मागावी लागते. पात्रतेचे निकष स्थानिक पातळीवर ठरतात. सहसा गरज ६ महिन्यांहून अधिक काळाची असावी लागते, आणि जो फक्त कधीमधी बाहेर खुर्ची वापरणार त्याला काही भागांत नकार मिळतो. नकार आला तर तो लेखी मागा आणि कारण वाचा. त्या नकाराचा पिपच्या निर्णयाशी थेट संबंध नसतो.

तपासणीआधीचे १४ दिवस

रोज रात्री वहीत चार ओळी लिहा. कुठून कुठे चाललात, मीटरमध्ये अंदाजे किती, किती वेळा थांबलात, त्यानंतर काय झाले. आपल्याकडे अंतर मीटरमध्ये सांगायची सवय नसते. ‘कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत’ किंवा ‘पाच मिनिटं’ असे आपण सहज म्हणतो, आणि पाच मिनिटांत निरोगी माणूस तीनशे-चारशे मीटर जातो हे वाचणाऱ्याच्या मनात राहते. दुमजली बस साधारण ११ मीटर लांब असते. दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या की २० मीटरचा अंदाज येतो. घरातले अंतर मापपट्टीने मोजून ठेवा : पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, सोफ्यापासून दारापर्यंत. आमच्या घरी पलंग ते न्हाणीघर ६ मीटर आहे. माझे पती त्यात भिंतीला धरून दोनदा थांबत, हे आम्ही कित्येक महिने रोज पाहत होतो, पण लिहिले नव्हते, त्यामुळे विचारल्यावर ‘हो, घरात चालतात’ एवढेच तोंडातून आले.

त्याच वहीत दरवाजांची रुंदी, उंबऱ्यांची उंची, पायऱ्यांची संख्या आणि गाडीची डिकी किती मोठी आहे हेही लिहा. खुर्ची निवडताना हे विचारले जातेच.

तपासणीचा दिवस

तपासणी करणारे बहुधा ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फिजिओ असतात. बसण्याची ढब गुंतागुंतीची असेल तर सोबत रिहॅबिलिटेशन इंजिनिअरही असतो. आधी बोलणे होते, मग तुम्हाला पलंगासारख्या पक्क्या बाकावर बसवतात आणि मापे घेतात : कमरेची रुंदी, पार्श्वभागापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची लांबी, तिथून टाचेपर्यंतची उंची, पाठीची उंची, वजन. खुर्चीत बसवल्यावर थेरपिस्ट बसण्याच्या हाडांखाली हाताची बोटे सरकवून दाब कुठे जास्त पडतो ते पाहतात, कारण ज्याला बूड हलवता येत नाही त्याला चुकीच्या गादीवर काही तासांत जखम सुरू होऊ शकते. पाठ एका बाजूला कलते का, मान आपली आपण सावरते का, हातांत चाक ढकलण्याइतके बळ आहे का, हे पाहतात. विजेची खुर्ची हवी असेल तर नजर, लक्ष आणि ती सुरक्षितपणे चालवण्याची क्षमता यांचीही परीक्षा होते. इतक्या सगळ्या गोष्टी ठरायच्या असताना इंटरनेटवरून स्वस्तात खुर्ची मागवणे मला योग्य वाटत नाही. रुंद खुर्चीत माणूस कलतो, अरुंद खुर्चीत कातडी घासते, आणि असा कोणताही अहवाल हाती येत नाही.

या भेटीत आपल्या लोकांचे नुकसान करणारी एक सवय आहे. ‘कसे आहात?’ म्हटले की ‘बरंय, चाललंय’ असे उत्तर देण्याचे वळण आपल्याला लहानपणापासून आहे. परक्यासमोर दुखणे उगाळू नये, हा त्यामागचा संस्कार चांगला आहे, पण थेरपिस्टला तो कळत नाही. ते ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार ठीक’ असे लिहून घेतात आणि तेच वाक्य सहा महिन्यांनी डीडब्ल्यूपीच्या निर्णयात दिसते. म्हणून वाईट दिवस कसा असतो ते सांगा, चांगला दिवस कसा असतो तेही सांगा, आणि महिन्यात कोणते किती असतात ते वहीतून वाचून दाखवा. वाढवून काही सांगू नका. पुढे प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिला जातो.

दुभाष्यालाही सावकाश सांगावे लागते. माझे पती पहिल्या भेटीत म्हणाले, ‘थोडं चाललं की पाय भरून येतात.’ फोनवरच्या दुभाष्याने त्याचे भाषांतर पायाला सूज येते असे केले. थेरपिस्टने वाकून घोट्याजवळ अंगठा दाबून पाहिला, तिथे सूज नव्हती, आणि नोंद झाली : सूज नाही. पाय शिशासारखे जड होतात, उचलले जात नाहीत, पाऊल घासत जाते, हे जे सांगायचे होते ते कागदावर आलेच नाही. मुंग्या येणे, गोळे येणे, बधिर होणे, कळ मारणे हे शब्द आपल्याला वेगवेगळे कळतात. प्रत्येकाचा इंग्रजी अर्थ आधीच पाहून वहीत लिहून न्या आणि गरज पडली तर तो शब्द दाखवा. घरच्या माणसाने दुभाषी होण्याऐवजी सोबत बसून राहून गेलेले आठवून देणे अधिक उपयोगी ठरते.

चालून दाखवायला सांगितले तर रोज जसे चालता तसेच चाला. त्या दिवशी ताकद लावून दोन पावले जास्त टाकण्याचा मोह होतो. श्वास लागला, दुखू लागले की तिथेच थांबा आणि का थांबलात ते बोला. निघण्यापूर्वी थेरपिस्टला स्पष्ट सांगा की तुम्ही पिपसाठी अर्ज केला आहे, आणि अंतर, वेग, थांबे, वेदना, तोल आणि नंतरचा थकवा यांबद्दल त्यांनी जे पाहिले ते नोंदीत यावे अशी विनंती करा. पिपचे गुण ठरवणे हे त्यांचे काम नाही, त्यामुळे ‘यांना १२ गुण द्यावेत’ असे लिहून मागू नका. मागायचे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले.

अहवाल हाती घ्या आणि वाचा

खुर्ची मंजूर झाल्याचे एक पानी पत्र म्हणजे अहवाल नव्हे. आमची पहिली चूक हीच होती. आम्ही ते पत्र जोडले, त्यात ‘बाहेर व्हीलचेअर वापरतात’ एवढेच होते, आणि निर्णयात ४ गुण आले. संपूर्ण तपासणीची प्रत मागा. देण्यात टाळाटाळ झाली तर ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’, म्हणजे स्वतःविषयीच्या नोंदींची प्रत मागणारी विनंती, करता येते, ती सहसा विनामूल्य असते आणि सामान्यतः एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. हाती आल्यावर ओळ न् ओळ वाचा. तथ्याची चूक असेल, उदाहरणार्थ २ जिन्यांऐवजी २ पायऱ्या लिहिले असेल, तर नम्रपणे लेखी दुरुस्ती मागा. दुसऱ्या भेटीनंतर आमच्या अहवालात एक वाक्य होते, की रुग्ण काठी घेऊन साधारण १५ मीटर चालला, दोनदा थांबला, उजवे पाऊल घासत होते आणि बसल्यावर पूर्ववत व्हायला बराच वेळ लागला. निर्णय बदलायला त्या एका वाक्याचा फार उपयोग झाला.

याच अहवालात पलंगावरून खुर्चीत कसे सरकता, न्हाणीघरात आत-बाहेर होताना कोणाचा हात लागतो, खाली वाकता येते का, याही नोंदी असतात. त्या रोजच्या जगण्याच्या भागातील अंघोळ, कपडे, शौच आणि स्वयंपाक या प्रश्नांसाठी वापरा. अनेकजण अहवाल फक्त चालण्याच्या प्रश्नाला जोडतात आणि रोजच्या जगण्याच्या भागातले गुण गमावतात.

फॉर्मला जोडताना

मूळ कागद कधीही पाठवू नका, प्रती पाठवा. प्रत्येक पानावर नाव आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक लिहा. अहवालातील नेमकी ओळ अधोरेखित करा आणि फॉर्ममधील उत्तरात ‘सोबतच्या अहवालाचे पान २ पाहावे’ असे लिहा. चाळीस पाने जोडून वाचणाऱ्यावर सोडण्यापेक्षा चार नेमकी पाने बरी. खासगी थेरपिस्टला पैसे देऊन वेगळा अहवाल करून घेणे बंधनकारक नाही, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. भरलेल्या फॉर्मची संपूर्ण प्रत स्वतःजवळ ठेवा. सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेची मदत विनामूल्य मिळते.

पिपची स्वतंत्र तपासणी फोनवर, व्हिडिओवर, समोरासमोर किंवा केवळ कागदांवरून होते. समोरासमोर असेल तर वाहनतळापासून खोलीपर्यंत कसे आलात, खुर्चीतून कसे उठलात, हेही नोंदले जाते. इथेही मराठी दुभाषी मागता येतो.

निर्णय पटला नाही तर

निर्णयपत्रावरील तारखेपासून एका महिन्यात ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे डीडब्ल्यूपीकडूनच निर्णयाचा फेरविचार, मागावे लागते. कमी गुण मिळाले एवढे लिहून भागत नाही. कोणत्या प्रश्नात किती गुण मिळायला हवे होते आणि अहवालातील कोणती ओळ तसे म्हणते, हे लिहा. आमचे ४ गुण याच टप्प्यावर संपूर्ण अहवाल जोडल्यानंतर १२ झाले. तिथेही नकार आला तर त्या उत्तराच्या तारखेपासून एका महिन्यात ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील करता येते. त्याला शुल्क नाही, आणि पिपच्या सुनावणीला सहसा न्यायाधीशासोबत एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेली एक व्यक्ती असते. बोलणे अवघड वाटले तरी कागदोपत्री निकालाऐवजी सुनावणी मागा, कारण तिथे पंधरा मीटर चालल्यावर काय होते ते माणसांना समोरासमोर सांगता येते.

भत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळाला असेल तर मुदत संपत आल्यावर पुन्हा फॉर्म येतो. मधल्या काळात खुर्ची बदलली, गादी बदलली, पुन्हा मापे घेतली गेली, तर प्रत्येक वेळी नव्या नोंदीची प्रत मागून त्याच फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. प्रकृतीत मोठा फरक पडला, चांगला किंवा वाईट, तर फॉर्मची वाट न पाहता डीडब्ल्यूपीला कळवावे लागते.